आठवडा-एक, आठवडा-दोन...

मंडे ब्लूज, वेन्सडेचा कंटाळा, फ्रायडेची 'सुटलो बुवा'वाली संध्याकाळ... आपल्या आठवड्याला मूड्स असतात. चिनी आठवड्याला नुसते नंबर असतात. सोमवार म्हणजे 'शिंगछी यी', शब्दशः आठवडा-एक. मंगळवार आठवडा-दोन, बुधवार आठवडा-तीन, असं करत करत शनिवारी आठवडा-सहा. रविवारी मात्र मोजणं बंद! त्या दिवसाच्या नावात येतो 'थ्येन' हा शब्द. थ्येन म्हणजे दिवस, आणि थ्येन म्हणजे आकाशसुद्धा. सुट्टीच्या दिवसाला आकाश. सही आहे की नाही?

हा फंडा मला शिकवला एका सहा वर्षांच्या मराठी मुलीने. तिचे आई-बाबा अस्सल पुण्याचे, मुक्काम अमेरिकेत, युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या जवळ. आई माझी कॉलेजची मैत्रीण. लेक तिथल्या सरकारी शाळेत फर्स्ट ग्रेडला, म्हणजे आपल्या पहिलीला. आणि ही पहिलीतली पोर रोज अर्धा दिवस चिनी भाषेत जगते. गणित चिनीत, गाणी चिनीत, 'टीचर, ह्याने मला ढकललं' ही कम्प्लेंटसुद्धा चिनीत. चिनी हा तिचा विषय नाही, ते माध्यम आहे. उरलेला अर्धा दिवस इंग्लिश. आणि घरी... घराकडे नंतर येऊ.

ह्या प्रकाराला म्हणतात ड्युअल इमर्शन. इमर्शन म्हणजे बुडी. दोन भाषांच्या पाण्यात आळीपाळीने बुडी मारायची. ऐकल्यावर माझी रिअॅक्शन तुमच्यासारखीच होती, बिचारं पोर! ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं तरी आपण आठवडाभर कुरकुरतो. इथे सहाव्या वर्षी एका सकाळी वर्गात शिरायचं आणि समोरच्या बाई बोलतात त्यातलं ओ की ठो कळत नाही? म्हणून गेले काही आठवडे मी मैत्रिणीचं डोकं खाल्लं. शाळेकडून तिला दर शुक्रवारी येणारी पत्रं वाचली आणि ह्या विषयावर हाताला लागेल ते वाचत सुटले.

आधी, युटाच का? हे काही न्यूयॉर्क नव्हे. डोंगर, बर्फ, खारं तळं आणि मॉर्मन चर्च ही ह्या राज्याची ओळख. पण गंमत अशी की ह्या चर्चची तरुण मुलं-मुली धर्मप्रचारासाठी दीड-दोन वर्षं घराबाहेर पडतात, त्यातली कित्येक परदेशात जातात आणि तिथली भाषा फाडफाड बोलत परत येतात. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन हंट्समन स्वतः तरुणपणी असेच तैवानला जाऊन मँडरिन शिकलेले. (पुढे २००९ ते २०११ ते अमेरिकेचे चीनमधले राजदूत होते.) त्यांच्याच काळात, २००८ मध्ये, राज्याने इमर्शनसाठी कायदा केला, पैसे दिले, आणि सरकारी शाळांत चिनी, स्पॅनिश, फ्रेंचचे वर्ग उघडायला सुरुवात झाली. पुढे पोर्तुगीज, जर्मनही आल्या. म्हणजे हा काही श्रीमंतांच्या इंटरनॅशनल स्कूलचा चोचला नाही. शेजारच्या प्लंबरचं पोरही त्याच वर्गात असतं. जागा कमी आणि अर्ज जास्त असले की लॉटरी निघते.

आणि हिशोब बघा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांच्या मते स्पॅनिश कामापुरती यायला सहा-सातशे तास लागतात आणि चिनीला २२००! इंग्लिश बोलणाऱ्यासाठी सगळ्यात अवघड भाषांमध्ये ती येते. पहिलीतल्या मुलाला रोज तीन तास धरले आणि वर्षाचे १८० दिवस, तर होतात ५४०. चार वर्षांत त्या राजदूतसाहेबांच्या क्लासएवढे तास पूर्ण. तेही क्रेयॉन चावत, गालिच्यावर लोळत.

आठवडा-एक

दोन वर्ग, दोन शिक्षिका, मिळून पन्नासच्या आसपास मुलं. एका खोलीवर इंग्लिशचं राज्य, दुसरीवर चिनीचं. अर्धी मुलं सकाळी इकडे, अर्धी तिकडे, आणि मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. दोन भाषा एकाच खोलीत मिसळायच्या नाहीत, हा इथला पहिला नियम.

चिनी खोलीतल्या बाईंना मुलं 'लाओषृ' म्हणतात. म्हणजे शिक्षक. इंग्लिश स्पेलिंग वाचून लोक 'लाओशी' म्हणतात, पण ऐकलंत तर अगदी पोटफोड्या ष ला ऋ लावल्यासारखा उच्चार आहे. आणि 'शिंगछी'तला श मात्र आपला शहामृगाचा. म्हणजे प्राथमिक शाळेत 'हा वेगळा कशाला?' म्हणून ज्या ष चा आपण छळ केला, तो बिचारा चीनमध्ये अजून नोकरीवर आहे! बाय म्हणताना मुलं 'चाय च्येन' म्हणतात. त्यातला पहिला च चाकातला, दुसरा चंद्रातला. बाकीच्या अमेरिकन आया ह्यावर अडखळतात. माझ्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी जमलं, त्याचा तिला अजून गर्व आहे.

सोमवारी सुरुवात कॅलेंडरने. गालिच्यावर सगळे मांडी घालून बसतात (इंग्लिश मुलांचं ते 'क्रिस-क्रॉस', आपली साधी मांडी). बाई जोरात म्हणतात, 'यी, अर्, सान!' म्हणजे एक, दोन, तीन. मुलं उलटं ओरडतात, 'सान, अर्, यी!' आणि एकदम चिडीचूप. मग आज कोणता वार, काल कोणता, उद्या कोणता. इथे ते नंबरवाले वार कामाला येतात. आज आठवडा-एक असेल तर उद्या काय, हे पाठ करायला लागत नाही, एक मिळवला की झालं. महिन्यांचंही तेच. जानेवारी म्हणजे एक-महिना, डिसेंबर म्हणजे बारा-महिना. आपण 'चैत्र, वैशाख' घोकलं, 'थर्टी डेज'वालं यमक घोकलं... जाऊ दे.

पण खरा ड्रामा वेगळाच. बाई एक शब्द इंग्लिश बोलत नाहीत. ऑगस्टमधल्या पहिल्या दिवसापासून नाही. 'बसा' म्हणतात आणि स्वतः बसून दाखवतात. 'पुस्तक उघडा' म्हणताना पुस्तक उघडतात. पाऊस म्हणताना बोटं नाचवतात, थंडी म्हणताना कुडकुडतात. मैत्रीण म्हणते, 'अगं, दिवसभर डम्ब शराड्स खेळल्यासारखं चालू असतं. संध्याकाळी त्यांना हातात वाडगाही धरवत नसेल.' मुलांनी सुरुवातीला इंग्लिशमध्ये उत्तर दिलं तर चालतं. बाई तेच चिनीत म्हणतात आणि पुढे जातात. वर्षाच्या उत्तरार्धात मात्र मुलांनीही ह्या खोलीत चिनीच बोलायचं.

सगळ्यात आधी कुठलं अख्खं वाक्य आलं असेल, ओळखा. 'मी शू-ला जाऊ का?' त्याला पर्याय नसतो ना.

एकदा हे कुटुंब शनिवारी सुपरमार्केटमध्ये गेलं, तर पलीकडच्या रांगेत बाई कॅशियरशी मस्त इंग्लिशमध्ये बोलताना दिसल्या. पोरगी गाडीत बसेपर्यंत गप्प. मग हळूच म्हणाली, 'आई, लाओषृना इंग्लिश येतं. पण तू कुणाला सांगू नकोस.' अशी गुपितं मुलं जपतात म्हणून हे सगळं चालतं.

ह्या बाईंचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. वयाने आपल्याएवढ्याच, तिशीच्या आतल्या. चीनमधून आलेल्या. अशा पाहुण्या शिक्षकांचा व्हिसा तीन वर्षांचा असतो, फार तर आणखी दोन वर्षं वाढतो. स्वतः शिकल्या त्या बाकांच्या सरळ रांगांत, आणि आता समोर ही अमेरिकन प्रजा, जी प्रश्न विचारताना बाकावर उभी राहते. नोकरीची पहिली अट अशी की जी भाषा बोलली की सगळं दोन मिनिटांत सुटेल, ती बोलायची नाही. आपल्यापैकी किती जण असा जॉब घेतील?

आठवडा-दोन

मंगळवारच्या पत्रात गणित होतं आणि इथे मी जरा थांबणार आहे.

चिनी भाषेत अकरा म्हणजे दहा-एक. बारा म्हणजे दहा-दोन. वीस म्हणजे दोन-दहा. एकोणतीस? दोन-दहा-नऊ. संपलं! एक ते दहा आले की नव्याण्णवपर्यंतचा रस्ता मोकळा. इंग्लिश मुलांना 'इलेव्हन', 'ट्वेल्व्ह' वेगळे पाठ करावे लागतात, 'फोर्टीन'मध्ये चार आधी आणि दहा नंतर, 'फॉर्टी टू'मध्ये उलटं. तरी वीसनंतर त्यांची गाडी रुळावर येते.

आणि आपण? आपला पाच बघा. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंचाहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव. प्रत्येक दशकात वेगळा मेकअप करून येतो! नऊ तर त्याहून चमत्कारिक. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस, म्हणजे नाव घेताना तीसचं आणि लिहिताना सुरुवात दोनने. शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा सुटा पाठ करायचा. 'पासष्ट की सदुसष्ट?' असं मराठीत सांगितलेला फोन नंबर लिहून घेताना इंग्लिशमध्ये परत विचारणारे तुम्ही-आम्हीच आहोत.

ह्याचा गणिताशी संबंध आहे का? आयरीन मिउरा ह्या संशोधिकेने १९८०च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर वेगवेगळ्या भाषांतल्या पहिलीच्या मुलांना ठोकळे दिले. सुटे एकेकाचे आणि दहा-दहाच्या कांड्या. ४२ मांडा म्हटल्यावर चिनी, जपानी, कोरियन मुलं बऱ्याचदा चार कांड्या आणि दोन ठोकळे ठेवायची. इंग्लिश बोलणारी अमेरिकन मुलं बहुतेक वेळा बेचाळीस सुटे ठोकळे मोजत बसायची. ह्यात शाळा, घर, सराव ह्यांचाही वाटा असणार, सगळं श्रेय भाषेला देणं मला पटत नाही. पण आकड्याच्या नावातच दशक ऐकू येत असेल तर सहा वर्षांच्या डोक्याला तेवढी मदत होणार, हे मान्य करायला संशोधक असायची गरज नाही. इमर्शनच्या शाळा पहिलीत गणित चिनी खोलीत ठेवतात त्यालाही एक व्यवहारी कारण आहे. गणितात दाखवता येतं. तीन सफरचंदं आणि दोन सफरचंदं समोर ठेवली की भाषा आपोआप अर्थाला चिकटते.

आता जरा २०१९ आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असंही म्हणायची सोय केली आणि महाराष्ट्रभर काय गदारोळ झाला! विधानसभेत चर्चा, चॅनेलवर वाद, जोक्सचा पाऊस. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी आणि ह्या उलट्या नावांनी मुलं गणितालाच घाबरतात. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांचा उपाय बरोबर होता की नाही ह्यावर भांडता येईल. मला स्वतःला 'पंचावन्न' ह्या शब्दाचा ठसका आवडतो आणि तो जाऊ नये असं वाटतं. पण त्या वादात टाळ्या घेणाऱ्या कितीजणांनी एखाद्या सात वर्षांच्या मुलाला एकोणसाठ लिहायला सांगून बघितलं होतं, कोण जाणे. माझी मैत्रीण तेव्हा पुण्यातच होती आणि 'वीस एक'वरचे जोक्स हौसेने फॉरवर्ड करत होती. आता तिची लेक रोज 'दोन-दहा-एक' म्हणत घरी येते.

आठवडा-तीन

बुधवारी अक्षरं. खरं तर अक्षरं नाहीत, चित्राक्षरं. इथे क-ख-ग नाही, बाराखडी नाही, प्रत्येक शब्दाचा वेगळा आकार. रोमन लिपीत चिनी लिहायची पद्धत आहे, पिनयिन तिचं नाव. पण बऱ्याच इमर्शन शाळा पहिलीत ती मुद्दाम लांब ठेवतात, कारण शेजारच्या खोलीत मुलं त्याच ए-बी-सी-डीने इंग्लिश वाचायला शिकत असतात आणि दोन्हींचे उच्चार जुळत नाहीत. डोक्यात भेळ होते.

त्यामुळे सुरुवात बोटाने, हवेत. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून हवेत रेघ ओढतात, पंचवीस बोटं तशीच ओढतात. क्रम पक्का. आडवी रेघ आधी, उभी नंतर, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मग चौकोनी घरांच्या वहीत, प्रत्येक घराला मधोमध तुटक रेघांची फुली. दोन पाय फाकवून उभा माणूस, हा झाला 'माणूस'. त्याने हात पसरले, म्हणजे एक आडवी रेघ आली, की झाला 'मोठा'. डोक्यावर अजून एक रेघ आली की 'आकाश', आपला रविवारवाला थ्येन. झाडाचं एक चिन्ह. दोन झाडं शेजारी म्हणजे राई, तीन म्हणजे घनदाट जंगल. सगळीच चिन्हं इतकी सरळ नसतात, ही पहिलीची लाडीगोडी. पुढे घाम फुटतो.

आणि सूर! 'मा' सरळ लांबवला तर आई, आवाज खाली नेऊन वर काढला तर घोडा. मुलं हाताने हवेत सूर काढून म्हणतात, उतार, चढ, खळगा. मोठ्यांना हे जन्मात धड जमत नाही. मुलांना ते गाणं वाटतं. मैत्रिणीच्या नवऱ्याने एकदा बाईंसमोर आपल्या बायकोला घोडा म्हटलं. बाई हसल्या नाहीत. लेक मात्र हसून लोळली.

गुरुवारचं काही विशेष नाही. ह्या आठवड्यात कुंडीत घेवड्याचं बी पेरलं आणि पान, मूळ, खोड असे शब्द झाले.

शुक्रवारी 'थिंगश्ये'. ऐका आणि लिहा, आपलं शुद्धलेखन. आठ-दहा शब्द. आणि दप्तरातून ते पत्र येतं, इंग्लिशमध्ये, की ह्या आठवड्यात काय झालं, घरी रोज दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून घ्या.

'वाचून घ्या' हे वाचायला सोपं आहे. ती वाचते, पण बरोबर वाचते की ठोकून देते, हे आईला कसं कळणार? माझी मैत्रीण बोर्डात आलेली, घरातली 'ऑल-राउंडर'. तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मुलीचा पहिलीचा होमवर्क तपासता येत नाही. सुरुवातीला तिचा जीव कासावीस व्हायचा. मग एक दिवस तिला सासरच्या आजेसासूबाई आठवल्या, ज्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकाशेजारी नुसत्या बसून राहायच्या, वाती वळत. एक अक्षर कळत नव्हतं. पण मूल थांबलं की 'हं, पुढे?' म्हणायच्या. आता मैत्रीणही तेच करते. वातींऐवजी कपड्यांच्या घड्या.

बुडी आणि गटांगळी

आता तुम्ही म्हणाल, ह्यात नवीन काय? आपल्याकडे घरात इंग्लिशचा गंध नसलेली लाखो मुलं ज्युनिअर केजीपासून इंग्लिश मीडियममध्ये जातातच की. तेही इमर्शनच ना?

मीही मैत्रिणीला हेच विचारलं. पण जितकं वाचलं तितकं वाटायला लागलं की नाही, तो वेगळा प्रकार आहे.

ही कल्पना सुरू झाली कॅनडात, मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात, १९६५ मध्ये. फ्रेंच भाषकांच्या प्रांतात राहणाऱ्या इंग्लिश पालकांनी शाळेच्या मागे लागून आपल्या मुलांसाठी फ्रेंच बालवर्ग काढून घेतला. मॅकगिल विद्यापीठातल्या वॉलेस लँबर्ट ह्यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. फ्रेंच तर आलीच, आणि इंग्लिश वाचन सुरुवातीला थोडं मागे पडून नंतर बरोबरीला आलं. लँबर्ट ह्यांनी पुढे दोन शब्द वापरले, एक भर घालणारं द्वैभाषिकत्व आणि दुसरं वजा करणारं. पहिल्यात दुसरी भाषा येते आणि घरची शाबूत राहते. दुसऱ्यात नवी येता येता घरची झिजते.

आणि दुसरी गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची. तिथल्या शाळांत चिनी बोलणारी सुमारे १८०० मुलं इंग्लिश वर्गात काहीही न कळता नुसती बसून होती. वेगळी मदत शून्य. पालक कोर्टात गेले, 'लाउ विरुद्ध निकोल्स'. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्यांना एकच पुस्तक, एकच शिक्षक आणि एकच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक होत नाही, मुलाला कळलंही पाहिजे. त्याच शहरात १९८१ मध्ये अमेरिकेतली पहिली मँडरिन इमर्शन शाळा निघाली. म्हणजे ज्या गावात चिनी मुलं इंग्लिश पाण्यात गटांगळ्या खात होती, तिथेच काही वर्षांत इंग्लिश मुलं चिनी पाण्यात हौसेने सूर मारायला लागली. पाणी तेवढंच खोल! फरक एवढाच की दुसऱ्या वेळी काठावर कुणीतरी पोहायला शिकवणारं उभं होतं.

युटाच्या त्या खोलीत मूल गप्प राहिलं तर तो बाईंचा प्रॉब्लेम असतो. मग त्या आणखी चित्रं काढतील, आणखी हातवारे करतील, सफरचंद आणतील. मुलाला कळेपर्यंत कष्ट करायची जबाबदारी मोठ्या माणसाची. आणि मुलाच्या भाषेला कुणी हसत नाही, कारण उरलेला अर्धा दिवस तिचाच असतो. आपल्याकडे काही शाळांत वर्गात मराठी बोललं की दंड होता, हे माझ्याच पिढीतले लोक हसत हसत सांगतात. कित्येक वर्गांत बाईंचंच इंग्लिश कच्चं, म्हणून पाठांतर. मूल गप्प राहिलं की ते 'ढ'. आणि संध्याकाळी ट्यूशन. ह्याला बुडी म्हणायचं की गटांगळी, तुम्हीच ठरवा. एकेकाळी आपणही त्या बाकावर बसलो होतो.

युटातही सगळं गोडगोड नाही. एकदा लॉटरीत नंबर लागला की पालकांनी प्राथमिक शाळा संपेपर्यंत टिकायचं असतं, पण नोकऱ्या बदलतात, घरं बदलतात, मुलं गळतात. मधूनच कुणाला घेता येत नाही, कारण चिनी न येणारं मूल चौथीत आणून बसवणार कुठे? त्यामुळे वरचे वर्ग बारीक होत जातात. शिवाय राजकारण. २०२० च्या सुरुवातीला युटातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुलांनी शी जिनपिंग ह्यांना नववर्षाची ग्रीटिंग्ज पाठवली, तिकडून चक्क उत्तर आलं, आणि चीनच्या सरकारी मीडियाने ते डोक्यावर घेतलं. मग इकडे कपाळावर आठ्या. मुलं भाषा शिकतायत की कुणाच्या जाहिरातीत कामाला लागलीयत? प्रश्न रास्त आहे. पण पहिलीच्या वर्गात तो पोचत नाही. तिथे मुख्य राजकारण म्हणजे लाल रंगाचा मार्कर कुणाकडे.

आणि घरी

आता घराकडे. 'ड्युअल' म्हणजे दोन. पण ह्या पोरीला भाषा तीन. शाळेने ज्या अर्ध्या दिवसात घरची भाषा जपायचं वचन दिलंय, ती घरची भाषा इंग्लिश. म्हणजे जॉनच्या घरची. हिच्या घरची नाही. मैत्रिणीचा हिशोब सरळ होता, चिनीला वर्षाचे ५४० तास, इंग्लिशला तेवढेच आणि शिवाय टीव्ही, ग्राउंड, मैत्रिणी, सगळं जग. मराठीला? उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा वीकेण्डला भरतात, पालकच शिक्षक होतात. हिच्या आसपास काही घरं मिळून रविवारी दीड तास वर्ग घेतात. बाकी घरात आई मराठीत विचारते, लेक इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि दोघींनाही ते लक्षात येत नाही. डिसेंबरात पुण्याच्या आजीशी व्हिडिओवर बोलताना पोरगी चार वाक्यांत अडकली आणि आजीने फोन आईला द्यायला सांगितला. आजी काही बोलली नाही. पण पुढच्या दोन रविवारी तिने फोनच केला नाही.

मैत्रिणीने मग लाओषृंचीच आयडिया चोरली. एका खोलीत एक भाषा, मिसळायची नाही. जानेवारीत तिने स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर लाल टेप चिकटवला. टेपच्या आत इंग्लिश बंद. शब्द अडला तर हातवारे करा, चित्र काढा, वास घ्या, पण भाषांतर नाही. रागवायचं नाही, 'नीट बोल' म्हणायचं नाही. लेकीने इंग्लिशमध्ये मागितलं तर आई तेच मराठीत म्हणते आणि हातात देते, अगदी त्या बाईंसारखं. पहिले दहा दिवस लेक आत यायची, बोटाने दाखवायची, घेऊन पळायची. तिसऱ्या आठवड्यात 'अजून' आणि 'नको' सुरू झालं. मग एक दिवस 'आई, पोळी करपली' असं अख्खं वाक्य आलं आणि मैत्रीण करपलेली पोळी तशीच सोडून मला फोन करायला धावली. पुण्यात तेव्हा सकाळचे सहा वाजले होते.

सध्या खरी पंचाईत नवऱ्याची झालीय. आठ वर्षं अमेरिकेत राहून त्याचे मराठी शब्द कुठे कुठे सांडलेत हे त्याला आता कळतंय. परवा तो चहासाठी टेपपाशी आला. 'अगं, ते स्ट्रेनर कुठे...' लेक आतून हात कमरेवर ठेवून उभी. मान डावीकडे, मान उजवीकडे. त्याने हवेत भांडं धरलं, ओतल्याची अॅक्टिंग केली, बोटं नाचवून चहाचे थेंब पाडून दाखवले. ती ढिम्म. शेवटी टेपच्या पलीकडून त्यानेच विचारलं, 'अरे यार, काय म्हणतात त्याला?'

'गा,' पोरगी म्हणाली, आणि पुढचं अक्षर तिने बोटाने हवेत काढायला घेतलं.